छापात न आलेली रेष

वाचनालयाच्या दारातल्या फलकावर नगरपालिकेची नोटीस लावलेली होती, तिच्याखाली एक नकाशा होता, आणि त्या नकाशातला उत्तर दिशेचा बाण माझा होता. आधी मला फक्त बाणच दिसला. रोज सकाळी दहाला मी त्या दारातून आत जातो, पण फलकाकडे बघत नाही. तिथे हरवलेली मांजरं, शिकवण्या आणि नळ बंद राहण्याचे दिवस असतात. त्या दिवशी मात्र गर्दीत आपल्याच माणसाची पाठ ओळखू यावी तसा तो बाण डोळ्यांच्या कोपऱ्यात आला आणि मी थबकलो. बाणाच्या शेपटीला मी दोनच पिसं काढायचो. बाकीचे आरेखक तीन काढत. असं का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. बहुधा तीन काढायला घाबरत असेन, तिसरं वाकडं जाईल म्हणून. खालच्या चौकटीत 'काढणार' या शब्दापुढे माझी आद्याक्षरं होती. प्रतीची प्रत होत होत ती मेलेल्या मुंग्यांसारखी झाली होती, पण होती. चौतीस वर्षं. मागून एक बाई म्हणाल्या, "जरा सरकता का, आजोबा?" मी सरकलो, माफ करा म्हणालो, आणि त्या आत निघून गेल्यावर पुन्हा एकदा म्हणालो.

नोटीस साधी होती. बांधाच्या रस्त्याच्या पश्चिमेला जी मोकळी जमीन आहे तिच्यावर भराव टाकून गोदामं बांधायची आहेत. मंजूर नकाशात त्या ठिकाणी ओढा, तळं किंवा पाणथळ जागा दाखवलेली नाही. कोणाची हरकत असेल तर त्याने गुरुवारी अकरा वाजता सुनावणीस हजर राहावं. 'दाखवलेली नाही' हे मी तीनदा वाचलं. खोटं नव्हतं. नकाशात रस्ता होता, काळा, दुहेरी, माझ्या हातचा. रस्त्याच्या पूर्वेला नंतर कोणीतरी चौदा लहान चौकोन घातले होते, ती खालची ओळ. आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरं, स्वच्छ, काहीही नसलेलं. चौकोनांतला डावीकडून नववा माझ्या अक्काचा. टेकडीवरून येणारं पाणी पूर्वेकडून उतरतं, त्या चौदा घरांत शिरतं, रस्त्याखालच्या दोन नळांतून जमेल तसं पश्चिमेला पोचतं आणि त्या मोकळ्या जमिनीत पसरतं. ती जमीन भरली की नळांची तोंडं मातीत जाणार. मग पाणी ओळीतच राहणार. हे कळायला इंजिनियर असावं लागत नाही. मी नव्हतोच. मी आरेखक होतो, दुसऱ्यांनी मोजलेलं आणि तिसऱ्यांनी ठरवलेलं शाईने काढणारा.

त्या दिवशी मी आत जाऊन नेहमीच्या खुर्चीवर बसलो आणि पुस्तक उघडून एकाच पानावर दीड तास राहिलो. आरेखन खोलीचा वास येत होता. अमोनियाचा वास एकदा नाकात बसला की माणूस निवृत्त झाला तरी तो होत नाही. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यातली, दुसऱ्या मजल्यावरची ती लांब खोली, सहा तिरकी टेबलं, शेवटच्या टेबलाशी मी, आणि कोपऱ्यात ते छपाईचं यंत्र, ज्यात पारदर्शक कागदावरचा मूळ नकाशा आणि त्याच्याखाली पिवळा कागद घातला की दुसऱ्या बाजूने ओलसर, डोळे झोंबवणारी प्रत बाहेर यायची. काळी शाई प्रतीत उतरायची. निळी पेन्सिल उतरायची नाही. हे सगळ्या आरेखकांना ठाऊक होतं, त्यावर आमचं निम्मं काम चालायचं. ज्याची खात्री नाही, जे अजून कोणी ठरवलेलं नाही, ज्याबद्दल वरून विचारायचं राहिलंय, ते सगळं आम्ही मूळ कागदावर निळ्याने ठेवायचो. निळं म्हणजे आपलं आपल्यात, असं म्हणायचे. मंजुरीसाठी सभेला जायची ती प्रत. तिच्यावर फक्त ठरलेलं. मला ही पद्धत फार आवडायची. माझं आयुष्य बरंचसं निळ्यातच गेलंय, हे मी त्या वयातही स्वतःशी गमतीने म्हणायचो. आता म्हणत नाही.

मोजणीला एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना सगळे काठीवाले म्हणत, कारण ती खुणांची उंच काठी ते जेवायच्या सुट्टीतही जवळच ठेवत. बाकीचे मोजणीदार उन्हाळ्यात मोजणी उरकत. जमीन कोरडी असते, गाडी थेट जाते, चपला खराब होत नाहीत. काठीवाले एकटे भर पावसात पुन्हा गेले, कोणी सांगितलं नसताना. मांडीपर्यंत भिजलेली पँट घेऊन ते माझ्या टेबलाशी उभे राहिले, फरशीवर त्यांच्याभोवती डबकं झालं. मोजणीवहीतले आकडे त्यांनी मला एकेक वाचून दाखवले आणि म्हणाले, "इथपर्यंत येतं हो पाणी. मी आत उभा राहून आलोय. नुसतं साचत नाही, राहतं तिथे. चार-चार महिने." मी त्यांच्या आकड्यांवरून पाण्याची कड काढली. ती मोठी होती. रस्ता तिच्या बरोबर मधून जात होता. मोठे साहेब बघायला आले, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "चार महिन्यांचं पाणी. हे पक्कं केलं तर दोनाच्या जागी पाच नळ घालावे लागतील, आणि वरची परवानगी निराळी. सध्या पेन्सिलने राहू द्या. बघू." काठीवाले काहीतरी बोलणार होते. साहेब निघून गेले होते.

'बघू' म्हटलेलं कोणी बघितलं नाही. सभेच्या आदल्या दिवशी प्रती काढायच्या होत्या. ती रेष शाईने पक्की करायला मला वीस मिनिटं लागली असती. खोडून टाकायलाही तेवढीच. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. मी दोनदा व्हरांड्यात गेलो. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा ते काहीच करत नव्हते, नुसते खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांच्या त्या निवांतपणात शिरायचा मला धीर झाला नाही. मी मूळ कागद यंत्रात घातला. प्रत बाहेर आली. इथेच मी इतकी वर्षं अडखळतो, कारण यापुढचं कोणाला सांगावं असं नाही. ती प्रत सुंदर होती. रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढऱ्या कागदातून ताणलेल्या दोरीसारखा जात होता, मध्ये काही नाही, एक डाग नाही, आणि मला आनंद झाला. भीती नंतर आली. आधी आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सभेतून परतताना साहेब माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "देखणा झालाय नकाशा." एकवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाला कोणी दिलेली ती एकमेव शाबासकी, आणि मी ती घेतली.

मंगळवारी अक्का घरी आली. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, गुडघे गेलेले, पण जिना चढताना कठड्याला हात लावत नाही. आल्या आल्या खुर्चीवरची पुस्तकं उचलून तिने जमिनीवर ठेवली.

"पुस्तक्या, तुझ्या घरात माणसाने बसायचं कुठे? ह्या पुस्तकांच्या मांडीवर?"

मी चहा टाकला. ती बोलतच होती. ओळीतल्या सगळ्यांनी मिळून हरकत घेतली होती, कोपऱ्यावरच्या शिंप्याने अर्ज लिहिला होता, आणि खात्याचं उत्तर आलं होतं: मंजूर नकाशात पाणथळ नाही.

"नकाशात नाही म्हणे! दर वर्षी माझ्या पलंगाखाली काय असतं मग, समुद्र? शिंपी म्हणाला, आजी, त्या खात्यातलं जुनं माणूस कोणी मिळालं तर बरं. मी म्हटलं, माझा भाऊच होता तिथे. बोलत नाही तो, पण होता."

"मी साधा आरेखक होतो, अक्का."

"म्हणजे नकाशेच काढायचास ना? मग तुला नाही तर कोणाला ठाऊक असणार? उभं राहायचं आणि सांगायचं, तिथे पाणी असायचं म्हणून. दोन वाक्यं. इतकी पुस्तकं वाचलीस, त्यांतली दोन वाक्यं उसनी घे."

मी हसलो. तिने कप बशीत उपडा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी शाळेत मला कोणी मारलं की ती असं बघायची, आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे. म्हणाली, "हे गेले तेव्हा मी कोणाला दोष दिला नाही. घाण पाण्यात चार दिवस उभे राहिले, ताप आला, गेले. पण आता ते पाणी वर्षभर राहणार असेल तर मी म्हातारी कुठे जाऊ? तुझ्याकडे? इथे तर पुस्तकांनाच जागा नाही." हे ती थट्टेत म्हणाली. तिचा आवाज मात्र थट्टेतला नव्हता.

सांगायला हवं होतं. तेव्हाच, त्या टेबलाशी. नकाशावरचा बाण माझा आहे, अक्का. मी म्हणालो, "येईन मी." तिने माझ्या डोक्यावर टपली मारली, सत्तरीतल्या माणसाच्या, आणि निघाली. बुधवारी मी नगरपालिकेच्या अभिलेख कक्षात गेलो. मूळ कागद मिळाला तर मला बोलावंच लागणार नाही, कागदच बोलेल, अशी माझी आशा होती. आयुष्यभर मी कागदांना पुढे करून मागे उभा राहिलोय. कारकून तरुण आणि भला होता. त्याने कॉम्प्युटरवर शोधलं, पडदा माझ्याकडे वळवला. तोच नकाशा, तोच पांढरा. "मूळ कागद नाहीत आता, काका. सगळे स्कॅन करून लगद्याला दिले. सहा वर्षं झाली." मी विचारलं, स्कॅन रंगीत केलं होतं का. तो म्हणाला, "काळं-पांढरं. जागा कमी लागते." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "काही महत्त्वाचं होतं का?" मी म्हणालो, नाही, नाही, सहज. मोजणीवह्या? त्या तर त्याआधीच गेल्या होत्या. काठीवाले जाऊन वीस वर्षं झाली, मोठे साहेब जाऊन अकरा. म्हणजे ती रेष आता जगात फक्त माझ्या डोक्यात होती, जिथे मी चाव्या कुठे ठेवल्या हेही दिवसातून दोनदा विसरतो. परत येताना मी ती मनात काढून बघितली. पूर्वेकडून सुरुवात, टेकडीच्या पायथ्याशी आत वळण, मग रुंद पोट. अजून सगळी होती. आणि रेषेबरोबर जे येणारच होतं ते आलं. नकाशा मंजूर झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी एका रविवारी भाऊजी माझ्याकडे आले होते, नव्या रस्त्याच्या खालच्या अंगाला जागा निघाली होती, स्वस्त होती. "तू त्याच खात्यात आहेस," ते म्हणाले, "घेऊ का? काही भानगड नाही ना?" मी त्यांना दुसऱ्या दिवशी कार्यालयात बोलावलं आणि नकाशा दाखवला. प्रत दाखवली. मूळ कागद त्याच कपाटात, खालच्या खणात होता. मी म्हणालो, "नकाशात तर काही नाही." ते वाक्य खोटं नव्हतं.

सुनावणीची खोली लहान होती, पंखा मोठा. लांब टेबलामागे सुनावणी घेणाऱ्या बाई, चाळिशीच्या, थकलेल्या, नीट ऐकून घेणाऱ्या. त्यांच्या शेजारी टंकलेखक. एका अंगाला खात्याचा तरुण इंजिनियर, त्याच्यापुढे तो नकाशा. भिंतीशी बाकांवर खालची ओळ. शिंपी बोलला, चांगला बोलला, पण बाईंनी दर वेळी नकाशाकडे बघितलं. मग अक्काने मला कोपराने ढोसलं. मी उठलो. म्हणालो, हा नकाशा मी काढलाय.

मी सांगत गेलो. पाण्याची कड, काठीवाले, निळी पेन्सिल, प्रतीत ती न येणं. माझा आवाज मलाच दुसऱ्या खोलीतून यावा तसा येत होता. मी अक्काकडे बघितलं नाही, पण तिच्या बाजूचं माझं अंग भाजल्यासारखं झालं होतं. बाई पुढे झुकल्या. त्यांनी विचारलं, "पेन्सिलने ठेवा असं तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हणालो, तशी पद्धत होती. "लेखी आदेश?" नव्हता. "तोंडी? कोणाचा?" मोठे साहेब डोळ्यांपुढे आले, खिडकीबाहेर बघत बसलेले. त्यांचं नाव जिभेवर होतं. पण मेलेल्या माणसाने शाबासकी दिली होती, आणि त्यांनी 'बघू' म्हटलं होतं, 'काढू नका' म्हटलं नव्हतं, आणि व्हरांड्यातून परत फिरलो तो मी. हे सगळं खरं आहे, पण सुनावणीत एवढं सगळं खरं सांगायला वेळ नसतो. मी म्हणालो, "साहेब म्हणाले होते बघू. पण... पक्कं करायचं राहिलं ते माझ्याकडून. चूक माझीच." आयुष्यभराची सवय. गर्दीत कोणाचा पाय माझ्या पायावर पडला तरी मीच माफी मागतो. टंकलेखकाची बोटं चालली आणि थांबली. मला वाटलं, झालं. मला अगदी हलकं वाटलं, त्या प्रतीच्या वेळी वाटलं होतं तसं.

तरुण इंजिनियर उठला. माझ्याशी तो आदराने वागला, आजोबा म्हणाला. "आजोबांचं म्हणणं प्रामाणिक आहे," तो म्हणाला, "पण यावरून एवढंच दिसतं की आरेखनात चूक झाली असेल. सभेने समोर आलेल्या नकाशावर निर्णय घेतला, खात्याचा त्यात दोष नाही. आणि आजच्या परवानगीसाठी आम्ही जागेवर जाऊन पाहणी केलीय. जमीन कोरडी आहे." शिंप्याने विचारलं, कोणत्या महिन्यात? "मे," इंजिनियर म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. बाईंनी डोळे मिटून एक क्षण विचार केला. मग त्या टंकलेखकाला सावकाश सांगू लागल्या: आरेखकाने स्वतः मान्य केल्यानुसार सदर त्रुटी वैयक्तिक स्वरूपाची, त्यास दुजोरा देणारा कागद उपलब्ध नाही, मंजूर नकाशा अमलात असल्याने हरकत फेटाळण्यात येते. मग कागदातून मान वर करून, साध्या आवाजात ओळीला म्हणाल्या, "तीस दिवसांत वर अपील करता येईल. रहिवाशांची सह्यांची निवेदनं जोडा, ह्यांचंही जोडा. मला यापलीकडे काही करता येत नाही." आणि मला म्हणाल्या, "तुम्ही आलात हे चांगलं केलंत." मी त्यांचे आभार मानले. का मानले, देव जाणे.

बाकीचे जिन्यात थांबून शिंप्याभोवती बोलत होते; मी जवळून गेलो तेव्हा बोलणं थांबलं. अक्का पुढे निघाली होती. तिने माझ्यासाठी रिक्षा थांबवली नाही, स्वतःसाठीही नाही. ती चालत राहिली, त्या गुडघ्यांनी, आणि मी मागून. बांधाच्या रस्त्यावर पोचायला आम्हाला पाऊण तास लागला. ऊन होतं, पश्चिमेकडची जमीन तडकून पडली होती, तिच्यावर वाळलेल्या गवताचे तुरे आणि एका टोकाला मातीचे ताजे ढीग. निकाल लागायच्या आधीच टाकलेले. एक ट्रक उलटा मागे सरकत होता आणि त्याचा तो सूचनेचा आवाज थांबत नव्हता. अक्का रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"दाखव."

"काय?"

"ती तुझी कड. कुठून कुठपर्यंत होती ती दाखव मला."

मी हात वर केला. टेकडीचा पायथा, ते वळण, मग रुंद होत होत रस्त्याच्या पलीकडे, मातीच्या ढिगांच्याही पलीकडे. मी बोट फिरवत गेलो तशी ती मान फिरवत गेली. मग तिने पाठ वळवून खाली बघितलं, ओळीकडे. चौदा पत्रे उन्हात चमकत होते.

"शिंप्याचं घर?"

"आत."

"त्या नर्सबाईंचं?"

"आत."

"आमचं?"

ट्रकने माती ओतली, धूळ आमच्यापर्यंत आली, तिने पदर तोंडाला लावला आणि वाट बघत राहिली.

"आत," मी म्हणालो. "सगळी आत, अक्का."

"हे तुला विचारून आले होते." ती हे प्रश्नासारखं म्हणाली नाही. "घरी येऊन मला म्हणाले, तुझ्या भावाने नकाशा काढून दाखवला, स्वतः. आनंदात होते. मला इतकी वर्षं वाटायचं, त्या बिचाऱ्याला तरी काय माहीत. तू सामान उचलायला यायचास ना दर वर्षी, भिजून, तर मी शेजारणीला सांगायचे, माझा भाऊ बघा. मोठ्या कौतुकाने सांगायचे."

मला काहीतरी म्हणायचं होतं. जे आलं ते माफीसारखं होतं आणि मी ते गिळलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. ती रडत नव्हती. तिने चष्मा काढून पदराने पुसला, धूळ होती म्हणून, आणि पुन्हा घातला.

"तीस दिवस म्हणाल्या ना त्या बाई? सह्या लागतील सगळ्यांच्या. तू लिहून देणार आहेस?"

"देईन. लगेच देईन."

"लिहून तू देशील रे. लिहायला तुला काय." ती उतरणीकडे वळली. "पण ह्या लोकांनी तुझ्या कागदाखाली सही का करायची? खोलीत तू बाईंना सांगितलंस. ह्यांना नाही. आणि निम्मे तर आलेच नव्हते, पोटामागे गेले होते. त्यांना कळू दे की आपण कोणाच्या शब्दावर सही करतोय. चल."

"आता?"

"मग कधी? बघू म्हणतोस की काय?"

मी तिच्या मागे उतरलो. खालच्या ओळीत मी वर्षानुवर्षं आलो होतो, पण नववं घर सोडून कुठल्या दाराशी कधी उभा राहिलो नव्हतो. भिंतींवर पाण्याचे जुने पट्टे होते, एकावर एक, कमरेइतके, छातीइतके. काहींनी वरून रंग दिला होता आणि पट्टे रंगातून पुन्हा वर आले होते. पहिल्या घराचं दार बंद होतं, आत भांड्यांचा आवाज येत होता. कोण राहतं मला माहीत नव्हतं. मी अक्काला हळूच विचारलं, कोण आहेत इथे. ती म्हणाली, "तूच विचार." आणि तिने कडी वाजवली आणि दोन पावलं मागे सरकली, माझ्या मागे, जिथे मी नेहमी उभा असतो तिथे.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. पावलं दाराशी आली.

"कोण आहे?" आतून एका बाईने विचारलं.

मी मागे वळून बघितलं. अक्काने तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

"कोण आहे म्हटलं?"

"नकाशा काढणारा," मी म्हणालो, आणि दार उघडलं.